एका तिरक्या रेघेची गोष्ट

ड्यूई दशांश पद्धत पाळणाऱ्या कुठल्याही ग्रंथालयात मराठी साहित्य शोधायला गेलात तर कपाटावर 891.46 असा आकडा दिसेल. तो असा का, याचा कधी विचार केलाय? 810 म्हणजे अमेरिकेतलं साहित्य, 820 म्हणजे इंग्लंडचं, 830 जर्मन, 840 फ्रेंच... असं करत करत 890 ला पोचलो की "बाकी सगळे". त्या बाकीच्यांतल्या 891 मध्ये, दशांश चिन्हाच्या पलीकडे दुसऱ्या घरात, आपण. ज्ञानेश्वरांपासून जी.ए. कुलकर्ण्यांपर्यंत सगळे दाटीवाटीने तिथे. धर्माच्या कपाटाचीही तीच तऱ्हा. 200 ते 289 मधला बहुतेक भाग ख्रिस्ती धर्माला, आणि हिंदू, बौद्ध, जैन, इस्लाम, ज्यू वगैरे समस्त मंडळींना मिळून 290 पासूनचा एक दहाचा पट्टा.

मेल्विल ड्यूईने ही पद्धत 1876 साली छापली. त्याला शिव्या घालायचा माझा विचार नाही. त्याच्यापुढे एका अमेरिकन कॉलेजच्या ग्रंथालयातली कपाटं होती, त्यात होती ती पुस्तकं होती, आणि मुख्य म्हणजे एक पुस्तक एका वेळी एकाच फळीवर राहतं. कुठेतरी ठेवायलाच पाहिजे ना! पण कुठलंही वर्गीकरण म्हणजे ते करणाऱ्याचं जग असतं, एवढं यावरून कळतं. ज्याच्या घरात जे जास्त, त्याला मोठा कप्पा.

आता गंमत बघा. इंटरनेटवर फळी नसते. एकच पान शंभर ठिकाणी "ठेवता" येतं, फक्त पत्ता लिहायचा. तरीसुद्धा 1994 साली स्टॅनफर्डमधल्या जेरी यँग आणि डेव्हिड फायलो या दोन विद्यार्थ्यांनी वेबची यादी करायला घेतली तेव्हा तिचा आकार झाडासारखाच झाला. त्या यादीचं पुढे याहू झालं. कला, उद्योग, संगणक, शिक्षण... प्रत्येकाच्या पोटात उपविभाग, त्यांच्या पोटात आणखी उपविभाग. एखादा विभाग दोन ठिकाणी दाखवायचा असेल तर दुसऱ्या ठिकाणी त्याच्या नावापुढे @ चिन्ह लावायचे. म्हणजे "हा इथे दिसतोय, पण याचं खरं घर दुसरीकडे आहे". अहो, पण इथे कुणाचंच खरं घर नव्हतं! क्ले शर्कीने 2005 साली याच मुद्द्यावर एक गाजलेला निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की फळी नाहीशी झाली तरी फळीची सवय गेली नव्हती. याहूची ही यादी 2014 च्या डिसेंबरात बंद झाली. स्वयंसेवकांनी चालवलेली डीमॉझ नावाची तशीच यादी 2017 च्या मार्चपर्यंत तग धरून होती.

(इथे एका माणसाची आठवण काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. शियाळी रामामृत रंगनाथन. मद्रासमध्ये गणित शिकवत होते, 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. लंडनच्या एका दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला आणि तिथून कल्पना सुचली असं सांगतात : विषयाला एक जागा देण्याऐवजी त्याचे सुटे भाग करायचे आणि लागेल तसे जोडायचे. त्यातून 1933 साली कोलन वर्गीकरण आलं. पुस्तकाचा विषय कशाबद्दल, कुठे, केव्हा अशा पैलूंनी सांगायचा आणि ते चिन्हांनी सांधायचे. या माणसाला संगणक मिळाला असता तर काय केलं असतं, देव जाणे. असो.)

तर टॅगची गोष्ट. जोशुआ शॅक्टर हा न्यूयॉर्कमधला माणूस, मॉर्गन स्टॅनलीत नोकरीला. फावल्या वेळात मीमपूल नावाचं मजेशीर दुव्यांचं संकेतस्थळ चालवायचा. त्यासाठी लोक दुवे पाठवत, ते साठत साठत त्याच्याकडे हजारो दुव्यांची एक साधी टेक्स्ट फाईल झाली. आता त्यात शोधायचं कसं? म्हणून तो प्रत्येक दुव्याशेजारी एखाद-दोन शब्द लिहून ठेवायला लागला. मग शोधायचं असलं की तो शब्द शोधायचा. बस्स, एवढंच. यात कसलाही थोर विचार नाही, आळशी माणसाने स्वतःपुरती केलेली सोय आहे. जगातलं निम्मं सॉफ्टवेअर असंच जन्माला आलंय.

2003 च्या शेवटी त्याने हीच सोय सगळ्यांसाठी खुली केली : डेल डॉट आयसीआयओ डॉट यूएस. सलग वाचलं की डिलिशस, पण टिंबं कुठे द्यायची हे भल्याभल्यांना आठवायचं नाही. आपला बुकमार्क, मराठीत वाचनखूण, स्वतःच्या ब्राउझरमध्ये न ठेवता तिथे ठेवायची आणि तिला हवे ते शब्द चिकटवायचे. ते शब्द म्हणजे टॅग. यादीतून निवडायचे नाहीत, कुणाला विचारायचं नाही. दोन टॅगमध्ये मोकळी जागा, त्यामुळे टॅगच्या आत मोकळी जागा चालायची नाही. म्हणून "टु रीड" चं "टुरीड" झालं आणि तसंच रूढ झालं. आणि सगळं उघड. तुम्ही जावास्क्रिप्टवरचा एखादा लेख साठवलात की तोच लेख अजून कुणी साठवलाय, त्यांनी त्याला काय म्हटलंय, आणि त्यांच्याकडे आणखी काय काय आहे, हे सगळं एका टिचकीवर.

2004 च्या फेब्रुवारीत व्हँकूव्हरच्या लुडिकॉर्प कंपनीने फ्लिकर काढलं. तिथे हीच कल्पना फोटोंना लागली आणि मग पूरच आला. त्याच वर्षी थॉमस वँडर वाल याने या प्रकाराला "फोकसॉनॉमी" असं नाव दिलं. लोकगीत, लोककथा, तसं हे लोकवर्गीकरण.

ग्रंथपालांची पहिली शंका अगदी रास्त होती. याचा गोंधळ नाही का होणार? समजा, गिरगावातल्या विसर्जनाचा एक फोटो आहे. कुणी "गणपती" लिहील, कुणी "गणेश", कुणी "गणेशा". रोमन लिपीत लिहायचं तर त्या एकेकाची तीन-तीन स्पेलिंग. कुणी "मुंबई" म्हणेल, कुणी अजून "बॉम्बे". कुणी नुसतंच "गर्दी" म्हणेल आणि कुणी "माझा नवा कॅमेरा"! आणि मराठीत टॅग द्यायचा तर "पुणे" की "पुण्यात" हा प्रश्न आहेच. विभक्तीचे प्रत्यय शब्दाला चिकटून बसतात आणि यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात.

पण झालं भलतंच. 2005 साली एचपीच्या प्रयोगशाळेतल्या स्कॉट गोल्डर आणि बर्नार्डो ह्युबरमन यांनी डिलिशसचा विदा तपासला. त्यांना दिसलं की एखादा दुवा साधारण शंभर जणांनी साठवला की त्यावरच्या टॅगचं परस्परांशी प्रमाण जवळपास स्थिर होतं. पुढे लोक कितीही येवोत, "प्रोग्रॅमिंग" म्हणणारे अमुक टक्के आणि "वेब" म्हणणारे तमुक टक्के हे फारसं हलत नाही. एकमेकांचं बघून लिहिणं हे एक कारण, आणि मुळातच माणसं बऱ्यापैकी सारखा विचार करतात हे दुसरं. न ठरवता एकमत झालं, आणि अल्पमतातले शब्दही पुसले गेले नाहीत. 890 च्या कपाटात कुणालाच जावं लागलं नाही.

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जानेवारी 2008 मध्ये आपले तीन हजारांवर जुने फोटो फ्लिकरवर ठेवले आणि लोकांना म्हटलं, लिहा काय लिहायचं ते. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरपर्यंत 67 हजारांवर टॅग आले. शिवाय हजारो टिप्पण्यांतून लोकांनी जागा ओळखल्या, माणसं ओळखली, तारखा दुरुस्त केल्या. त्या तपासून घेऊन ग्रंथालयाने आपल्या पाचशेहून जास्त अधिकृत नोंदी सुधारल्या. जगातल्या सर्वांत मोठ्या ग्रंथालयांपैकी एक, आणि वाटसरूंनी सांगितलेलं ऐकून नोंदवहीत बदल करतंय! मला या सगळ्या इतिहासातला हा फार लोभस भाग वाटतो.

असो, गाडी रुळावर आणू. याहूने 2005 च्या मार्चमध्ये फ्लिकर आणि डिसेंबरमध्ये डिलिशस विकत घेतलं. स्वतःचं झाड वाळत चाललेलं असताना लोकवर्गीकरणाची ही दोन रोपं त्यांच्या अंगणात आली होती, आणि त्यांना पाणी घालायचं मात्र राहून गेलं. 2008 च्या अखेरीस डिलिशसवर पन्नास लाखांवर सदस्य होते. शॅक्टर त्याच वर्षी बाहेर पडला. 2010 च्या डिसेंबरात याहूच्या अंतर्गत सादरीकरणातली एक स्लाईड बाहेर फुटली. त्यात डिलिशसचं नाव "मावळतीला" लावायच्या यादीत होतं. लोकांची पळापळ झाली. एप्रिल 2011 मध्ये यूट्यूबवाल्या चॅड हर्ली आणि स्टीव्ह चेन यांनी ते विकत घेतलं. लोकांना वाटलं, सुटलो बुवा एकदाचे.

आता इथे आपल्या तिरक्या रेघेची एन्ट्री.

डिलिशसवर प्रोग्रामर मंडळी होती हे सगळ्यांना माहीत होतं. पण त्याचा सगळ्यात कसून वापर करणारा एक गट होता तो फॅन फिक्शनवाल्यांचा. आवडत्या मालिकेतली, पुस्तकातली पात्रं घेऊन स्वतः कथा लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या चाहत्यांचा. बहुतांश बायका. त्यांच्या कथा लाइव्हजर्नलवर आणि शेकडो छोट्या स्थळांवर विखुरलेल्या. त्या शोधायच्या कशा? म्हणून त्यांनी डिलिशसवर टॅगचं एक अख्खं शास्त्र उभं केलं. कथा कुठल्या मालिकेवरची, कुठल्या दोन पात्रांच्या प्रेमाची, किती शब्दांची, पूर्ण की अर्धवट, शेवट गोड की रडवणारा, या प्रत्येकाला ठरावीक टॅग आणि ते लिहायची ठरावीक रीत. कुणी समिती नेमली नव्हती. एकीने केलं, दुसरीने उचललं. काही गटांनी तर सामाईक खातं काढून आपल्याकडची प्रत्येक कथा नोंदवून ठेवली. रंगनाथनांना दाखवलं असतं तर खूश झाले असते. त्यांचे पैलू ते हेच की!

या शास्त्रात तिरक्या रेघेला, म्हणजे "/" ला, मोठा मान. सत्तरच्या दशकात स्टार ट्रेकचे चाहते सायक्लोस्टाईल केलेले अंक काढायचे. त्यात कर्क आणि स्पॉक यांच्या प्रेमाच्या कथा असल्या की "कर्क/स्पॉक" असं लिहायचे. त्यावरून या कथाप्रकाराचं नावच "स्लॅश" पडलं. दोन नावांमध्ये रेघ म्हणजे प्रेम. पुढे "&" लिहिलं तर नुसती मैत्री, असाही संकेत रुळला. तीस-पस्तीस वर्षांची परंपरा त्या एका चिन्हात.

27 सप्टेंबर 2011 ला नव्या मालकांनी डिलिशस नव्याने लिहून लोकांपुढे ठेवलं. दिसायला चकचकीत. आणि "/" असलेले टॅग शोधता येईनात.

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, त्यामुळे हे कसं झालं असेल याचा अंदाज मला बसल्या जागी करता येतो. "/" हे वेबपत्त्यातलं खास चिन्ह. टॅगचं नाव पत्त्यात घालायचं म्हटलं की ते त्रास देतं. मग कुणीतरी म्हटलं असेल, कशाला ती कटकट, चालणार नाही म्हणून टाका. टॅगमध्ये तिरकी रेघ हवीय कुणाला? कुणाच्या मनात वाईट काही नसणार. आपल्याकडे बोर्नव्हिटाच्या डब्यात रवा असतो आणि श्रीखंडाच्या डब्यात मोहरी, हे घरातल्यांनाच ठाऊक असतं. नव्याने आलेल्या माणसाने ओटा आवरायला म्हणून ते डबे फेकले तर तो दुष्ट नसतो. त्याने फक्त विचारलेलं नसतं.

मला यात खरी अडचण दिसते ती पुढची. टॅग तुमचे, पण डबे मालकाचे. दुवे निर्यात करून नेता येत होते. पण हजारो लोकांचे टॅग एकमेकांशेजारी असल्यामुळे जी व्यवस्था तयार झाली होती, ती कुठल्याच एकाच्या खात्यात नव्हती. ती निर्यात कशी करणार?

तर या बायकांनी बस्तान हलवायचं ठरवलं. 2009 पासून पिनबोर्ड नावाचं एक साधंसुधं वाचनखुणांचं स्थळ चालू होतं. माचेय त्सेग्वोव्स्की (पोलिश नाव आहे, उच्चाराची चूकभूल द्यावी घ्यावी) या एकाच माणसाने चालवलेलं, जाहिराती नाहीत, सदस्य व्हायला पैसे. फीसुद्धा मजेशीर : प्रत्येक नव्या सदस्यागणिक किंचित वाढायची. त्याने फॅन मंडळींना विचारलं, तुम्हाला नेमकं काय काय हवंय? त्याला वाटलं होतं चार-सहा मुद्दे येतील. आली ती पन्नासवर पानांची एक सामाईक फाईल. अनोळखी लोकींनी मिळून एकाच वेळी लिहिलेली, अनुक्रमणिकेसकट, मुद्दे वर्गवार लावलेले, वाद झाले तिथे वाद नोंदवलेले. आमच्या धंद्यात गिऱ्हाईकाकडून अशी रिक्वायरमेंट यायची म्हणजे दिवाळी आणि पाडवा एकाच दिवशी. त्याने त्यातलं जमेल तेवढं बांधून दिलं, आणि 2013 साली ब्रायटनमधल्या परिषदेत या सगळ्यावर एक फार सुरेख भाषणही दिलं. डिलिशसकडे त्यांचे सगळ्यात उत्साही वापरकर्ते कोण हे कळायची सोय होतीच, टॅग तर सगळ्यांना दिसत होते. बघितलं एकट्याने.

पिनबोर्ड हा एक मार्ग झाला. दुसऱ्या मार्गाची तयारी आधीच सुरू होती. 2007 च्या मे महिन्यात लाइव्हजर्नलने सुमारे पाचशे खाती एका फटक्यात बंद केली, त्यात फॅन मंडळींची बरीच भरडली गेली. तेव्हा काही जणी म्हणाल्या, पुरे झालं, आता यंत्रही आपलं पाहिजे. त्यांनी ना-नफा संस्था काढली, कोड स्वतः लिहिला (अनेक जणी त्यासाठी प्रोग्रॅमिंग शिकल्या), आणि नोव्हेंबर 2009 मध्ये "आर्काइव्ह ऑफ अवर ओन" सर्वांसाठी खुलं केलं. आज तिथे एक कोटीच्या वर कथा आहेत. 2019 साली त्याला विज्ञानकथांच्या क्षेत्रातलं ह्यूगो पारितोषिकही मिळालं.

पण त्यांची टॅगची व्यवस्था सांगितल्याशिवाय लेख पुरा व्हायचा नाही. लेखिकेने टॅग म्हणून वाट्टेल ते लिहावं. "शेरलॉक होम्स/जॉन वॉटसन" लिहा, दोघांच्या नावांचा संधी करून "जॉनलॉक" लिहा, किंवा "हे मी पहाटे तीनला लिहिलंय, माफ करा" असं अख्खं वाक्य लिहा. तिचे शब्द जसेच्या तसे राहतात. पडद्यामागे टॅग रँग्लर नावाचे स्वयंसेवक बसलेले असतात. (रँग्लर म्हटलं की आपल्याला रँग्लर परांजपे आठवतात. इथला रँग्लर म्हणजे सरळ गुराखी, भरकटलेली गुरं गोठ्यात आणणारा.) ते ठरवतात की "जॉनलॉक" आणि "शेरलॉक होम्स/जॉन वॉटसन" हे एकच. मग एकाला प्रमाण टॅग मानून दुसरा त्याला आतून जोडतात. तुम्ही काहीही शोधा, दोन्हीकडच्या कथा समोर येतात. कुणाचं शुद्धलेखन तपासलं जात नाही, कुणाचा शब्द खोडला जात नाही. डेटाबेसच्या भाषेत सांगायचं तर ओळीला हात न लावता तिच्याकडे बोट दाखवणारा एक पॉईंटर फक्त वाढवायचा. कल्पना साधी आहे, पण ती चालवायला माणसं लागतात आणि ती रोज लागतात. पगार नाही. काहीशे लोक आपापल्या मालिकेची, पुस्तकाची जबाबदारी वाटून घेऊन हे करतात. नवी मालिका गाजली की पहिल्या आठवड्यात पात्रांची आडनावंही धड माहीत नसतात, पण टॅग मात्र धो धो येत असतात.

ग्रंथपालाची शिस्त आणि लोकांचा मनमानीपणा एकत्र नांदू शकतो याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. व्यापारी कंपन्यांनी हा नाद केला नाही. त्यांच्याकडे टॅगचं हॅशटॅग झालं. 2007 च्या ऑगस्टमध्ये क्रिस मेसिनाने ट्विटरवर सुचवलेलं, जुन्या आयआरसी गप्पांच्या खोल्यांच्या नावांवरून उचललेलं चिन्ह. त्याची जात वेगळी. डिलिशसवरचा टॅग म्हणजे उद्या सापडावं म्हणून स्वतःच डब्यावर चिकटवलेली चिठ्ठी, हॅशटॅग म्हणजे चौकातला भोंगा. भोंग्यालाही काम असतं, पण त्याने स्वयंपाकघर लागत नाही. आणि आता तर तुमच्यापुढे काय यावं हे बहुतेक ठिकाणी यंत्रच ठरवतं, चिठ्ठी लिहायची वेळच येत नाही.

राहता राहिलं डिलिशस. ते या हातातून त्या हातात फिरत राहिलं आणि 1 जून 2017 ला शेवटचं विकलं गेलं. किंमत 35 हजार डॉलर. घेणारा माचेय त्सेग्वोव्स्की. त्याने दोन आठवड्यांत तिथे नवीन काही साठवणं बंद केलं. लोकांच्या जुन्या खुणा तेवढ्या वाचायला ठेवल्या, आणि ज्यांना चालू स्थळ हवंय त्यांना पिनबोर्डवर यायला सांगितलं.